तळ्याकाठी मुक्काम, व्हाया राजूर

फॅमिली, गाडी, तंबू आणि... जालना जिल्हा? कॉम्बिनेशन ऐकून दचकलात ना! पण लॉन्ग वीकेण्डचा प्लॅन गाडीपासून नाही, तर पाण्यापासून सुरू केलात, तर मराठवाड्यातही तळ्याकाठची ट्रिप झक्कास जमते.

निळंशार तळं, काठावर उभी पांढरी व्हॅन, व्हॅनच्या बाजूला ओढलेली कनात, खाली दोन फोल्डिंगच्या खुर्च्या आणि कॉफीचा वाफाळता मग! ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कधी ना कधी हा वॉलपेपर लावला नाही, असा माणूस विरळाच. डेडलाइन डोक्यावर असते, टीम लीडर मागे उभा असतो आणि आपण मनातल्या मनात त्या खुर्चीत जाऊन बसलेलो असतो. अमेरिकेतला मावसभाऊ तर दर समरला असले फोटो पाठवून आणखीच जळवतो. तिकडे तळ्याकाठी रीतसर कॅम्पग्राउण्ड असतात. गाडी लावायची, विजेची वायर जोडायची, पाण्याचा पाइप जोडायचा, की झालं घर तयार.

आपल्याकडे हे हौशी लोण पवना आणि भंडारदऱ्याच्या काठी पोचून बरीच वर्षं झाली. तंबू तयार, बार्बेक्यू तयार, गिटारवाला तयार! पण तुमचं मूळ गाव जालन्याकडचं असेल, किंवा आजीला एकदा राजूरच्या गणपतीला न्यायचंच असेल, तर? देवदर्शन, पोरांची धम्माल आणि तळ्याकाठची रात्र हे तिन्ही एका ट्रिपमध्ये बसतं का? बसतं. फक्त इथले नियम वेगळे आहेत. ते कुणी बोर्डावर लिहून ठेवलेले नाहीत, म्हणून आधीच समजून घेतलेले बरे.

राजूरच का?

राजूर हे भोकरदन तालुक्यातलं गाव. जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागलं की साधारण पंचवीस किलोमीटरवर. इथला राजुरेश्वर म्हणजे गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ. दर चतुर्थीला इथे गर्दी असतेच, पण अंगारकीला राजूर बघावं! आदल्या रात्रीपासून जालन्याकडून माणसं चालत निघतात. तरुण पोरं, नऊवारीतल्या आज्या, खांद्यावर झोपलेली लेकरं... रस्ताभर माणूसच माणूस. त्या दिवशी मोठी गाडी घेऊन या रस्त्याला जाऊच नका. जायचंच असेल तर गाडी जालन्यात ठेवा आणि त्या गर्दीबरोबर चाला. तो अनुभव वेगळाच. कॅम्पिंगसाठी मात्र साधा वार निवडा. दर्शनही निवांत होतं आणि आजीला पायऱ्यांवर धक्के खावे लागत नाहीत.

राजूरचा दुसरा फायदा म्हणजे लोकेशन. पुढे भोकरदन, तिथून सिल्लोडमार्गे अजिंठा. उलट्या दिशेला जालना, सिंदखेडराजा आणि लोणारचं सरोवर. दक्षिणेला पैठणचा नाथसागर. एकदा राजुरात पाय टेकवला की तीन दिशांना तीन ट्रिपा तयार!

आधी पाणी, मग गाडी

आता मुद्द्याची गोष्ट. राजुरात तुमच्या वॉलपेपरसारखं कॅम्पग्राउण्ड नाही. पाणी आहे, पण ते कशासाठी आहे हे बघा. भोकरदन तालुक्यात दानापूरजवळ जुई नदीवर धरण आहे. पाऊस चांगला झाला की भरतं, काठ हिरवेगार होतात, फोटो तर असे येतात की विचारू नका! पण हे धरण भोकरदन शहराला आणि आसपासच्या गावांना पिण्याचं पाणी पुरवतं. जालन्याजवळचा घाणेवाडीचा तलाव निजामाच्या काळातला. तोही शहराच्या पिण्याच्या पाण्याचा. जालन्याच्या लोकांनी एकत्र येऊन या तलावातला गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनी तो ट्रॅक्टर-ट्रॅक्टर भरून आपल्या शेतात नेला. म्हणजे आपण ज्याला ‘लेक व्ह्यू’ म्हणतो, ती इथल्या माणसांची पाण्याची टाकी आहे!

२०१२-१३च्या दुष्काळाची सर्वांत जबर झळ बसलेल्या जिल्ह्यांमध्ये जालना होता. मोसंबी ही या जिल्ह्याची शान. त्या वर्षी कित्येक बागा उभ्या जळाल्या. काही शेतकऱ्यांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवली. नाथसागराची गोष्टही अशीच. धरणाची क्षमता तब्बल १०२ टीएमसी, पण २०१६च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपला आणि तळाच्या मृतसाठ्यावर भागवायची वेळ आली. छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही दोन्ही शहरं याच पाण्यावर जगतात.

हे सगळं सांगून मूड घालवायचा नाहीये, बॉस! यातून प्लॅनिंगचे दोन साधे नियम निघतात.

पहिला नियम सीझनचा. मे महिन्यात पोरांना सुट्टी असते, पण या भागात तेव्हा तळ्याकाठी जाऊ नका. पारा चाळिशीच्या पार, तळ्याचा तळ उघडा पडलेला आणि गावात टँकरची वाट बघणाऱ्या रिकाम्या घागरी. तिथे आपण खुर्च्या टाकून बसायचं? नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बेस्ट. पाणी असतं, शाळू उभा असतो, दिवसा ऊन कोवळं आणि रात्री अशी थंडी की तळ्यावरचं वारं थेट हाडात शिरतं. एक जादा ब्लँकेट घ्या, आजोबांसाठी दोन.

दुसरा नियम, आपलं पाणी आपण न्यायचं. हिशेब सोपा आहे. सहा जणांची फॅमिली धरा. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला पाच लिटर, म्हणजे दोन दिवसांचे ६० लिटर. वीस लिटरचे तीन जार झाले. हातपाय धुणं, भांडी, टॉयलेट यांना काटकसरीनं माणशी दहा लिटर, म्हणजे आणखी १२०. एकूण १८० लिटर. आणि १८० लिटर म्हणजे १८० किलो! तुमच्या गाडीत आधीच सहा माणसं, तंबू, गॅस आणि आईनं दिलेले लाडवांचे डबे आहेत, हे विसरू नका. त्यामुळे सगळं पाणी मुंबई-पुण्याहून लादून आणायची गरज नाही. जार जालन्यात भरून घ्या. बाटलीबंद पाण्याची दुकानं, जारवाले तिथे मुबलक. पण गावातल्या हापशावर किंवा नळावर आपला ड्रम लावू नका.

गाडी कोणती घ्याल?

२०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क अशा दोन्हींचा विचार आहे. पार्क म्हणजे गाडी उभी करायला जागा, पाणी, वीज, टॉयलेट अशा सोयी असलेला तळ. मुंबई-पुण्यात भाड्यानं मिळणाऱ्या कॅम्परव्हॅनमध्ये बेड, छोटं किचन, कुठे टॉयलेट असं सगळं असतं. भाडं ठरवताना तीन प्रश्न नक्की विचारा. पाण्याची टाकी किती लिटरची? सांडपाण्याची टाकी वेगळी आहे का? आणि ती रिकामी कुठे करायची? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गडबडला, तर समजून जा. ‘कुठेतरी रस्त्याच्या कडेला’ हे उत्तर चालणार नाही. ड्रायव्हरसकट गाडी मिळत असेल तर तशीच घ्या. एवढी लांब गाडी गावच्या गल्लीत रिव्हर्स घेणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे!

व्हॅन बजेटमध्ये बसत नाही? नो टेन्शन. घरची मोठी गाडी आणि दोन तंबू एवढ्यावरही काम भागतं. आणि खरं सांगायचं तर गाडी-तंबू-फॅमिली हा फण्डा आपल्याला नवा नाहीच. आषाढीची वारी डोळ्यांसमोर आणा. दिंडीचा ट्रक पुढे जातो, मुक्कामाची जागा धरतो, राहुट्या उभ्या राहतात, पातेली चढतात, पाण्याचा टँकर मागून येतो. माणसं संध्याकाळी पोचेपर्यंत वस्ती तयार! दिंडीवाल्यांचं एक सूत्र पाठ करून ठेवण्यासारखं आहे. आधी पाण्याची सोय, मग राहुटी, मग चूल. आणि मुक्कामाची जागा अंधार पडायच्या आत धरायची. तुमच्या ट्रिपलाही हेच लागू. संध्याकाळी पाचनंतर नवी जागा शोधत फिरू नका.

मुक्काम कुठे टाकाल?

धरणाच्या काठाची जमीन मोकळी दिसते, पण बेवारस नसते. ती जलसंपदा विभागाची असते. बॅकवॉटरच्या कडेला लोक गाळपेर करतात, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळात पीक घेतात. तुमचं चाक ज्या ‘गवतावर’ चढतं, तो कुणाचा तरी हरभरा असतो! नाथसागराचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. लोणारचं सरोवरही अभयारण्यात येतं. दोन्हीकडे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. या जागा दिवसा बघायच्या आणि रात्री मुक्कामाच्या ठिकाणी परतायचं.

मग रात्र कुठे काढायची? उत्तर एकदम देशी आहे. शेतात! ओळखीतलं, नात्यातलं, मित्राच्या काकांचं... कुणाचं तरी शेत या भागात निघतंच. नसेल तर कृषी पर्यटन केंद्र शोधा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं आणि त्यात अशा केंद्रांच्या नोंदणीची सोय झाली. शेतमालकाशी आधी फोनवर बोला. किती माणसं, किती गाड्या, टॉयलेट कुठलं वापरायचं, पैसे किती, हे सगळं स्पष्ट ठरवा. ‘काका, पैशाचं राहू द्या’ असं ते म्हणणार नाहीत, तुम्हीही म्हणायला लावू नका. टॉयलेटचा प्रश्न घरातल्या बायकांना आधी विचारा. ट्रिप हिट की फ्लॉप हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

आणि डिसेंबर-जानेवारीत गेलात तर हुरडा! शाळूची कोवळी कणसं, शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, हातावर चोळलेले गरम दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ. गुळभेंडी जातीचा हुरडा मिळाला तर बार्बेक्यू विसराल. फक्त एक पथ्य. शेकोटी स्वतःच्या मनानं पेटवू नका, मालक सांगेल तिथेच पेटवा. शेतात कडब्याची गंजी रचलेली असते. ती म्हणजे जनावरांचं वर्षाचं खाणं. वाऱ्यावर उडालेली एक ठिणगी तिला पुरते.

शेततळं: दिसतं स्विमिंग पूल, पण...

आता एक गोष्ट अगदी सिरियसली. जालन्याच्या शेतांमध्ये तुम्हाला जागोजागी चौकोनी, काठोकाठ भरलेली तळी दिसतील. आत प्लॅस्टिकचा कागद, वर निळं-हिरवं पाणी. ही शेततळी. जालन्याजवळचं कडवंची गाव तर पाणलोटाचं काम, शेततळी आणि त्यांच्यावर पोसलेल्या द्राक्षबागा यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. २०१६ मध्ये सरकारनं ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. त्यातलं मोठं शेततळं तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल. दुष्काळी भागातल्या बागा जगवणारी ही भारी गोष्ट आहे.

पण शहरातल्या पोरांना ते थेट स्विमिंग पूल वाटतं. आणि धोका तिथेच आहे. पूलला पायऱ्या असतात, कडेला धरायला जागा असते. शेततळ्याच्या उतारावर गुळगुळीत प्लॅस्टिक असतं, त्यावर शेवाळ धरलेलं असतं. एकदा आत घसरलं की पाय टेकत नाही आणि हाताला काही धरायला मिळत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही अडकतो. शेततळ्यात बुडून एकाच घरातली दोन-तीन माणसं गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात येतात. त्यात बहुतेक लहान मुलं असतात.

म्हणून मुक्कामाची जागा ठरवताना पहिली चौकशी हीच करा, की शेततळं किती अंतरावर आहे आणि त्याला कुंपण आहे का? कुंपण नसेल तर तंबू लांब लावा. मुलं सोबत असतील तर एका मोठ्या माणसाची ड्यूटी लावा. ‘सगळ्यांचंच लक्ष आहे’ याचा अर्थ कुणाचंच नाही! गाडीत एक लांब जाड दोर आणि हवा भरलेली ट्यूब ठेवा. कुणी पडलंच तर उडी न मारता दोर किंवा ट्यूब फेका. धरणाच्या बॅकवॉटरलाही हेच नियम. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ असतो, अचानक खोल उतार असतो. पाय भिजवायचे तर काठावर बसून बादलीत भिजवा. हसू नका, तीन वर्षांच्या पोराला बादलीतही तेवढीच मजा येते!

भांडी आणि साबण तळ्यापासून लांबच. खरकटं पाणी काठापासून शंभर पावलं तरी दूर, मातीत जिरेल असं टाका. त्या तळ्यातलं पाणी गावात कुणीतरी पिणार असतं.

तीन दिवसांचा प्लॅन

शनिवार: सकाळी जालन्यात पोचा. जार भरा, भाजी घ्या, मोसंबी घ्या. राजूरला दर्शन करा. दुपारी भोकरदन. आज हे साधं तालुक्याचं गाव वाटतं, पण प्राचीन काळी हेच ‘भोगवर्धन’ होतं. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवरच्या लेखांमध्ये या गावच्या दानशूरांचा उल्लेख आहे. इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली जी हस्तिदंती भारतीय मूर्ती सापडली, तिच्याशी साम्य असलेली मूर्ती भोकरदनच्या उत्खननात मिळाली! पोरांना ही गोष्ट गाडीतच सांगा. जुई धरण काठावरूनच बघा, सूर्यास्ताचे फोटो काढा आणि अंधाराआधी शेतावर मुक्कामाला पोचा.

रविवार: लवकर निघून जालनामार्गे सिंदखेडराजा. जिजाऊंचं जन्मस्थान बघा, गावातला जुना मोती तलावही चुकवू नका. तिथून लोणार. जालन्यापासून एकूण नव्वदेक किलोमीटर. उल्केच्या आघातानं बेसॉल्ट खडकात तयार झालेलं हे खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याचं सरोवर. विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर. २०२० च्या जूनमध्ये सूक्ष्मजीवांमुळे याचं पाणी गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. खाली उतरायचं तर सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, पायात बूट घालून. आजी-आजोबांना वरच्या कडेवरूनही अख्खं सरोवर दिसतं. रात्री लोणार गावात हॉटेल किंवा रिसॉर्ट घ्या. दोन रात्री तंबूत म्हणजे आजोबांच्या कमरेची परीक्षा!

सोमवार: परतीचा प्रवास. पुण्याची मंडळी वाट थोडी वाकडी करून पैठण करू शकतात. हिवाळ्यात नाथसागरावर फ्लेमिंगोंसह पाहुणे पक्षी उतरतात. दुर्बीण न्या, ढोल-ताशांचं म्युझिक बंद ठेवा. (अजिंठा करायचं असेल तर लोणारऐवजी करा, दोन्ही कोंबू नका. आणि सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात.)

शेतावरून निघताना जारमध्ये पाणी उरलं असेल तर ते रस्त्यावर ओतू नका. मालकाला विचारून बांधावरच्या एखाद्या झाडाला घाला. त्याच्या बुंध्याशी आळं केलेलं असतंच.

कसं जाल?

मुंबईहून: समृद्धी महामार्ग, एकूण ७०१ किलोमीटर. जून २०२५ पासून तो पूर्ण खुला आहे. जालन्याला बाहेर पडायला इंटरचेंज आहे. सरळसोट रस्त्यावर डोळा लागतो, म्हणून दर दोन तासांनी अधिकृत थांब्यावर उतरा. टायरमधली हवा निघण्याआधी तपासा, विशेषतः गाडीत पाणी भरलेलं असेल तर.

पुण्याहून: अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगरमार्गे जालना.

ट्रेननं: मुंबईहून सुटणारी वंदे भारत जालन्याला थांबते. पुढे स्थानिक गाडी ठरवा. ड्रायव्हिंगचा ताण नको असेल तर हाच उत्तम मार्ग.

राजूर नक्की कोणतं?

मॅपवर नुसतं ‘राजूर’ टाकाल तर घोटाळा होईल! अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातही राजूर आहे, भंडारदऱ्याच्या वाटेवरचं, पेढ्यांसाठी प्रसिद्ध. तिथे तळंही आहे आणि तयार तंबूही. यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ आणखी एक राजूर आहे, कोळशाच्या पट्ट्यातलं. तुम्हाला हवं आहे ते ‘राजूर गणपती, तालुका भोकरदन, जिल्हा जालना’. पत्ता टाइप करण्याआधी आजीला विचारा, तिचा चुकणार नाही.